काकू, तुम्ही पिशव्या फेकल्या नाहीत

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानून झाले, पण ते मनासारखे मानले गेले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. न्यू जर्सीत आणि इतरत्रही अशी पुष्कळ मराठी घरं आहेत, जिथे एखाद्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे आणि ऑक्टोबर लागला की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ऑक्टोबरअखेरीस मुलं भुतांचे वेष करून दारोदार खाऊ मागतात, त्या हॅलोविनच्या ब्राउनी तुम्ही ज्या तऱ्हेनं केल्यात, ती तऱ्हा त्या घरांपर्यंत पोचायला हवी.

आधी ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांनी काय केलं, तेही सांगून टाकते. एका बेकरीत सांगितलं गेलं, 'वरचं आयसिंग काढून टाका, खालचा केक चालेल.' एका पार्टीत लेकीसाठी वेगळ्या कागदी बशीत द्राक्षं ठेवली होती आणि बाकी मुलं भोपळ्याच्या आकाराचे कपकेक खात होती. 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य तर शिकल्यासवरल्या, चांगल्या घरच्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. अंड्यातल्या प्रथिनाचा अंशसुद्धा काही मुलांना दवाखान्यात नेतो, हे माहीत नसणं समजू शकते. सांगितल्यावरही ऐकून न घेणं मात्र मला आजही समजत नाही.

तुम्ही वेगळी बशी ठेवली नाहीत. सगळा ट्रेच बिनअंड्याचा केलात, आणि तसं कुणाला मुद्दाम सांगितलंही नाहीत. पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतून बसली आहे ती दुसरीच गोष्ट. सजावटीसाठी आणलेल्या गोळ्या-चॉकलेटांच्या मोठ्या पिशव्या तुम्ही कचऱ्यात टाकल्या नव्हत्या. घड्या घालून, यादीची बाजू वर करून, त्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवल्या होत्या. शंका येईल अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ होती.

ज्यांना हे किरकोळ वाटेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. हॅलोविनची छोटी पाकिटं मोठ्या पिशवीतून येतात. घटकांची पूर्ण यादी बऱ्याचदा त्या मोठ्या पिशवीवरच असते, आतल्या एकेका चिमुकल्या पाकिटावर नसते. आणि पिशवी उघडून वाडग्यात ओतली की ती पहिल्यांदा कचऱ्यात जाते. शिवाय एकाच नावाच्या चॉकलेटचा मोठा बार आणि छोटा हॅलोविनचा तुकडा वेगवेगळ्या मशीनवर बनलेले असू शकतात, त्यांचे घटकही कधीकधी वेगळे असतात. म्हणजे 'मोठा बार चालतो, मग छोटाही चालेल' हा हिशोब बरोबर नाही. अमेरिकेत अंडं, दूध, शेंगदाणा वगैरे आठ मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ पाकिटावर स्पष्ट लिहिण्याचं बंधन २००६पासून आहे, १ जानेवारी २०२३पासून तिळाची नववी भर पडली. पण 'अंश असू शकतो' ही सूचना छापणं कंपनीच्या मर्जीवर आहे. ती छापलेली नसली म्हणजे पदार्थ निर्धोक झाला असं होत नाही. हे सगळं जिला माहीत आहे तीच बाई रिकामी पिशवी जपून ठेवते. 'माझ्यावर विश्वास ठेव' असं तुम्ही म्हणाला नाहीत. मला स्वतःला वाचून खात्री करता येईल अशी सोय केलीत. आईला याहून मोठा दिलासा नसतो.

त्या पेन्सिलीच्या रेघा सासूबाईंसाठीही होत्या, हे मला नंतर कळलं. मार्शमॅलो आणि गमी किड्यांमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. बरणीतल्या मार्शमॅलो क्रीममध्ये जिलेटिन नसलं तरी वाळवलेला अंड्याचा पांढरा बलक असतो. तिकोनी नारिंगी-पिवळ्या कँडी कॉर्नच्या बऱ्याच पाकिटांवर जिलेटिन लिहिलेलं सापडतं, आणि 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' म्हणजे चकाकीसाठी दिलेला लाखेचा थर. लाल रंगात कार्माइन असेल तर तो किड्यांपासून काढलेला असतो. तयार विकत मिळणारे साखरेचे डोळे रॉयल आयसिंगचे असले तर त्यात अंडं असण्याची शक्यता मोठी, कारण रॉयल आयसिंग, म्हणजे वाळून कडक होणारं साखरेचं आयसिंग, बहुधा मेरँग पावडरवर उभं असतं आणि तिच्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पूड असते. शाकाहारी आजी आणि अंडं न चालणारी नात, दोघींची यादी तुम्ही एका बैठकीत तपासलीत.

आता ब्राउनीबद्दल. बिनअंड्याच्या ब्राउनीच्या नावाखाली जे जे खपवलं जातं, त्यावर माझा राग आहे. 'अंड्याऐवजी केळं कुस्करून घाला' म्हणणाऱ्यांनी सांगायला हवं की मग ती केळ्याचीच लागते. दही घातलं की ती केककडे झुकते, फुगते, भुसभुशीत होते. तुम्ही जवस वापरलंत आणि का ते सांगितलंत. ब्राउनीत अंडं तीन कामं करतं: पीठ बांधून ठेवतं, ओलावा देतं, आणि पिवळ्या बलकातल्या लेसिथिनमुळे चरबी आणि पाणी एकजीव राहतं. जवसाच्या पुडीचा चिकट लगदा पहिली दोन कामं चोख करतो, तिसरं अर्धंमुर्धं. म्हणून तिथे आपला हात चालवावा लागतो.

तुमचं प्रमाण इथे लिहून ठेवते, कारण ते हातोहात फिरायला हवं. आठ इंची चौकोनी धातूचा ट्रे. जवसाची बारीक पूड २ टेबलस्पून, ती ६ टेबलस्पून गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवायची, पाण्यातच १ टीस्पून इन्स्टंट कॉफी. बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम आणि डार्क चॉकलेट ११५ ग्रॅम एकत्र वितळवायचं. साखर २०० ग्रॅम, मैदा ९५ ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून, व्हॅनिला १ टीस्पून. ओव्हन ३५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस, २५ ते २८ मिनिटं. जवस कच्चं आणि ताजं दळलेलं हवं, शिवाय ज्या मिक्सरच्या भांड्यात जवसाची लसूण घातलेली चटणी वाटली जाते त्या भांड्यात नको. तो वास झाकणाच्या रबरात बसलेला असतो, धुऊन जात नाही.

वितळलेलं चॉकलेट कोमट झाल्यावरच जवसाचा लगदा घालायचा आणि दोन मिनिटं जोरात फेटायचं, मिश्रण चकाकू लागेपर्यंत. कढत चॉकलेटमध्ये घातलं की तूप सुटतं, ट्रेच्या कडेनं बुडबुडे येतात आणि ब्राउनी तेलकट बसते. मैदा घातल्यावर मात्र फेटायचं नाही, पांढरं दिसेनासं होईपर्यंतच उलथन्यानं फिरवायचं. काडी घालून पाहिल्यावर ओलसर कण चिकटून यायला हवेत. काडी कोरडी आली तर ब्राउनी गेलीच. काचेच्या ट्रेमध्ये करणाऱ्यांनी ओव्हन २५ अंश फॅरनहाइटनं कमी ठेवावा. काच उशिरा तापते आणि बाहेर काढल्यावरही गरम राहते, म्हणून कडा वाळतात आणि मध्य कच्चा वाटतो.

काळ्याभोर रंगासाठी तुम्ही ३५ ग्रॅम कोकोपैकी फक्त १० ग्रॅम ब्लॅक कोको घेतलात. हा कोको अल्कलीनं खूप प्रक्रिया केलेला असतो, त्यात चरबीही कमी असते. सगळाच तो घातला तर ब्राउनी दिसायला झकास, पण कोरडी आणि चवीला बोथट होते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सगळ्या मुलांना ठणकावून सांगितलीत, त्याबद्दल वेगळे आभार. अंडं नाही म्हणून कच्चं मिश्रण चाटलं तर चालतं, असं नाही. कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात. बिनअंड्याची रेसिपी म्हटली की पालकही हे विसरतात आणि वाडगा मुलांच्या हातात देतात.

भुतांबद्दल किती लिहू? मार्शमॅलोची भुतं घरात चालणार नव्हती, तर तुम्ही काबुली चण्याच्या डब्यातल्या पाण्याची केलीत. या पाण्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस येतो हे ज्योएल रोसेल या फ्रेंच माणसानं २०१४ साली दाखवून दिलं, आणि पुढच्या वर्षी त्याला 'ॲक्वाफाबा' हे नाव मिळालं. तुमचं प्रमाण: बिनमिठाच्या डब्यातलं पाणी अर्धा कप, क्रीम ऑफ टार्टर पाव टीस्पून, बारीक साखर १०० ग्रॅम. पाणी पातळ असलं तर मंद आचेवर आटवून, गार करून मग घ्यायचं. भांड्याला तुपाचा हातसुद्धा लागलेला नको, नाहीतर फेस धरत नाही. आधी टोकं उभी राहतील असा फेस, मग एकेक चमचा साखर. एकूण १० ते १५ मिनिटं मशीन चालतं. २०० फॅरनहाइटला दीड ते दोन तास वाळवायचं आणि ओव्हन बंद करून त्यातच गार होऊ द्यायचं. दमट दिवशी ही भुतं चिकट होतात, म्हणून हवाबंद डबा. आणि ब्राउनीवर ती अगदी वाढताना ठेवायची. ओल्या ब्राउनीवर तासभर बसली तरी खालून विरघळू लागतात.

लहान मुलांसाठी तुम्ही कोळ्याचं जाळं ठेवलंत, हा निर्णय फार शहाणपणाचा. चॉकलेट आणि क्रीम समसमान वजनाचं गनाश ब्राउनीवर ओतायचं, ते ओलं असतानाच पांढऱ्या चॉकलेटची एकात एक वर्तुळं काढायची आणि टूथपिक मध्यापासून बाहेर आठ दिशांना ओढायची. प्रत्येक रेघेनंतर टूथपिक पुसली नाही तर सगळं राखाडी होतं. गनाश गोठलं तर रेघ तुटते, म्हणून एका वेळी चारच तुकडे. पाच वर्षांच्या मुलाला जमेल असं हे काम आहे आणि चुकलं तरी जाळं जाळ्यासारखंच दिसतं. त्याच्यावर डोळेही तुम्ही घरीच केलेत: पांढऱ्या चॉकलेटच्या चिप्स पालथ्या घालून सपाट बाजूवर डार्क चॉकलेटचा ठिपका.

रंगांचंही लिहिते, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये नेहमीचा पाण्यात विरघळणारा रंग घातला की ते दगडासारखं आळतं. त्याला तेलात मिसळणारा रंग लागतो. बटरक्रीमला जेल रंग चालतो, पण पातळ रंगाच्या बाटलीनं ते सैल पडतं. काळं आयसिंग पांढऱ्यापासून सुरू केलं तर रंग ओतत बसावं लागतं आणि ते कडू होतं. तुम्ही कोकोच्या बटरक्रीमपासून सुरुवात करून थोडाच काळा रंग घातलात आणि रात्रभर ठेवलंत. सकाळी ते आपोआप गडद झालेलं होतं.

एका ब्राउनीवर तुम्ही भोपळा नारिंगी न काढता मोरपंखी काढलात, आणि तशाच रंगाचा खरा भोपळा दाराच्या पायरीवर होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अन्नाच्या ॲलर्जीसाठी काम करणाऱ्या 'फेअर' या संस्थेनं २०१४ साली ही मोहीम देशभर नेली. मोरपंखी भोपळा म्हणजे या दारात खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल, चमकणारी कांकणं असं काहीतरी मिळेल. तुमच्या गल्लीत असा भोपळा तुमचाच एकटा होता. काकू, चांगुलपणा असलेली माणसं पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या अडचणीचा अभ्यास करणारी माणसं क्वचित भेटतात. सद्भावनेनं केलेला केक आणि यादी वाचून केलेला केक यांत माझ्या लेकीसाठी दवाखान्याइतकं अंतर आहे, आणि तुम्ही दोन्ही एकत्र दिलंत.

सासूबाईंचा निरोप आहे: पुढच्या वर्षीचं जवस त्या सोलापूरहून घेऊन येतील, निवडलेलं, अख्खं, दळायचं तुमच्याकडेच. भुतांचा फेस काढायला माझं हातातलं मशीन नको, त्याची पाती आमच्याकडे येण्याआधी अंड्यांना लागलेली आहेत. मी नवीन घेते आणि तुमच्याकडेच ठेवते. गनाशसाठी क्रीम आणि आठ इंची दुसरा धातूचा ट्रे आमच्याकडून. पिशव्या वाचायला या वेळी आपण दोघी बसू.

तुमची,
शेजारची सून