गाणं वाजवणाऱ्यांचीही नावं छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या भावगीतांवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, तरी एक रुखरुख लागून राहिली. प्रत्येक गाण्यापुढे फक्त गायकाचं नाव आहे. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ म्हणजे मालती पांडे यांचं गाणं, एवढंच. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाल प्रभाकर जोगांची, हे कुठेही आलेलं नाही. हे तेच जोग, ज्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं होतं.

माझे वडीलही व्हायोलिन वाजवायचे. नोकरी सांभाळून, बोलावणं आलं की रजा टाकून रेकॉर्डिंगला जायचे. लहान असताना एकदा हट्ट करून मी त्यांच्याबरोबर दादरच्या स्टुडिओत गेले होते. संगीत संयोजकांनी, म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते ठरवणाऱ्यांनी, सकाळी एकेक ओळ सांगितली आणि सगळ्या वादकांनी आपापल्या वहीत पेन्सिलीने नोटेशन उतरवून घेतलं. मग दोन तास नुसती तालीम. आज एकेक वाद्य वेगवेगळ्या दिवशी वाजवून घेता येतं, गायकाची चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा गाऊन जोडता येते. तेव्हा ती सोय नव्हती. कुणा एकाचं चुकलं की गाणं पहिल्यापासून. त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटच्या अंतऱ्यात कुणाची तरी खुर्ची करकरली. टेक गेला. कुणी कुणाला बोललं नाही. गायिकेने घोटभर पाणी प्यायलं, वडिलांनी डाव्या हाताची बोटं चोळली, संयोजकांनी पुन्हा हात वर केला.

ते गाणं आजही लागतं. मुखडा संपून अंतरा सुरू होण्याआधी व्हायोलिनचा जो पीस आहे, तो लोक शब्दांच्याही आधी गुणगुणू लागतात. तो कवीने लिहिलेला नाही. चाल बांधणाऱ्याचाही नाही. तो संयोजकांनी त्या सकाळी स्टुडिओतच रचला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रेकॉर्डच्या लेबलवर त्यांचं नाव नव्हतं. वाजवणाऱ्यांची तर नव्हतीच.

नावं गळली की इतिहासही चुकतो. ‘गीतरामायण’ म्हटलं की आज सगळ्यांच्या कानात एकट्या सुधीर फडक्यांचा आवाज असतो. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, तेव्हा मात्र तसं नव्हतं. सीतेची गाणी माणिक वर्मांनी गायली होती. वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. ५६ गाणी, दर आठवड्याला एक नवं. माडगूळकरांनी लिहायचं, बाबूजींनी म्हणजे फडक्यांनी चाल लावायची, वादकांनी बसवायची आणि प्रक्षेपणाची वेळ गाठायची! पुढे बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या रेकॉर्ड घरोघरी पोचल्या आणि बाकीचे गायक नव्या पिढीला ठाऊकच उरले नाहीत. हे तर नावाजलेले गायक. मागे बसून वाजवणाऱ्यांचं काय झालं असेल?

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, ही चांगली गोष्ट झाली. मी पैशांबद्दल बोलत नाही. निदान नाव तरी द्या, एवढंच म्हणणं आहे. विविध भारतीवर निवेदक गाण्याआधी गीतकार आणि संगीतकाराचं नाव सांगतात, तेव्हा किती बरं वाटतं. मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपवर तेवढंही धड नसतं.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. यापुढे गाण्याचा उल्लेख होईल तिथे कवी आणि संगीतकाराचं नाव आवर्जून छापावं, माहीत असेल तर संयोजकांचंही. आणि त्या काळी रेकॉर्डिंगला वाजवलेले जे कुणी आज हयात आहेत, त्यांना आपल्या पुरवणीतून आवाहन करावं. ते सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेले आहेत. कुठल्या गाण्यात सतार कुणाची, बासरी कुणाची, हे फक्त त्यांनाच सांगता येईल.

वडिलांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक नोटेशनच्या डोक्यावर तारीख आणि स्टुडिओ लिहिलेला आहे, समासात त्या दिवशी बसलेल्या वादकांची नावं. खुर्ची करकरलेल्या त्या गाण्याच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडत आहे. त्यावर चौदा नावं आहेत.

आपली,
एक वाचक, डोंबिवली