सर्दीची गोळी देताना ‘बीपी आहे का?’ एवढं विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात मी ३४ वर्षं दिवाणजी होतो. वय ६२. बीपीची गोळी नऊ वर्षांपासून चालू आहे आणि नाकाचं दुखणं त्याहून जुनं. हळदीचा हंगाम सुरू झाला की सौद्यासाठी पोती फोडून ढीग ओततात, हमाल फावड्याने हळकुंडं ओढतात आणि साऱ्या दुकानभर पिवळी धूळ तरंगत राहते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल पिवळा. अशी कित्येक वर्षं गेली. नाक चोंदणं, कपाळ जड होणं, रात्री घशात कफ उतरणं आणि कानात दडे बसणं हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. औषधाला म्हणून डॉक्टरकडे कधी गेलो नाही. दुकानातून परत येताना मेडिकलच्या काउंटरवर ‘सर्दीची गोळी द्या’ एवढंच म्हणायचं, की गोळी हातात.

मागच्या हंगामात उजवा कान ठणकायला लागला. आधी नुसता दडा होता, बोललेलं दूरून आल्यासारखं वाटायचं. मग रात्री आडवं झालं की कानामागून जबड्यापर्यंत कळ यायची. एका मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, फरक पडेना म्हणून दुसऱ्या दुकानातून वेगळ्या नावाच्या आणल्या. पहिल्या दिवसातून तीन वेळा, दुसरी रात्री झोपताना. कानासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी. नाक मोकळं करायला थेंबाची बाटली होतीच, ती तर दिवाळीपासून खिशात होती. आणि हंगामाच्या धावपळीत बीपीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा राहून जायची. कपाळ जड आहे ते सर्दीनेच, असं मी धरून चाललो होतो.

एके दिवशी दुपारी कडेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पट्टी करत होतो. वजन, दर, हमाली, तोलाई असे आकडे मांडत असताना कागदावर लाल थेंब पडला. मला वाटलं, पेनातून काही गळलं. दुसरा थेंब, तिसरा, मग धारच. घोळणा फुटला होता. शेतकरी भला माणूस, त्याने मला गादीवर उताणं झोपवलं, डोकं मागे केलं, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त थांबेना, उलट घशात उतरायला लागलं आणि उलटी झाली. शेवटी मालकांनी गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे बीपी भरलं १८६/१०४.

तेव्हा कळलं की घोळणा फुटला तर माणसाला झोपवायचं नाही, डोकं मागे न्यायचं नाही. बसवायचं, थोडं पुढे वाकवायचं, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा, आणि दहा ते पंधरा मिनिटं बोटं सोडून बघायचं नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या यार्डात इतक्या माणसांत एकालाही ठाऊक नव्हती.

घरी आल्यावर सूनबाईंनी माझ्या खिशातल्या दोन्ही पट्ट्या काढून घेतल्या. मागच्या चांदीच्या कागदावरची अक्षरं मोहरीएवढी आणि सगळी इंग्रजीत. तिने मोबाईलवर फोटो काढून मोठी करून मला वाचून दाखवली. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन. दुसरी पट्टीही तशीच मोठी केली. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन. नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी, आत तीच तीन औषधं: एक ताप-दुखण्याचं, एक शिंका-शेंबडाचं, एक नाक मोकळं करायचं. वेगळी म्हणून मी घेत होतो ती एकच गोळी होती, दोन नावांची.

मिरजेच्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मला समजावलं ते लिहितो, कारण माझ्यासारख्या पुष्कळांना हे माहीत नसणार. नाक चोंदतं तेव्हा आत नुसता शेंबूड साठलेला नसतो, तर आतलं अस्तर सुजलेलं असतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन या जातीची औषधं त्या रक्तवाहिन्या आवळतात. पण गिळलेली गोळी फक्त नाकात जात नाही. ती रक्तातून सगळीकडे फिरते आणि अंगातल्या इतर रक्तवाहिन्याही आवळते. शेतावर ठिबकच्या नळ्या दाबल्या आणि मोटार तशीच चालू ठेवली तर दाब वाढणारच, तसं. त्यात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवून ठेवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. ‘पण एकट्या सर्दीच्या गोळीवर खापर फोडू नका,’ असंही ते म्हणाले. ‘बीपीची गोळी चुकवली, सर्दीची एकच गोळी दोन नावांनी घेतली, वर दुखण्याची आणि थेंब. चारही गोष्टी एकत्र आल्या.’ हे मला पटलं.

फिनाइलेफ्रिनबद्दल त्यांनी आणखी एक सांगितलं, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की पोटात घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने नेहमीच्या मात्रेत नाक मोकळं होत नाही. औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या प्रशासनाने हे औषध चिठ्ठीविना विकायच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे बीपीवाल्या माणसाने ज्याच्यासाठी धोका पत्करायचा, तो फायदाही पदरात पडत नाही.

थेंबांचं प्रकरण वेगळं. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब टाकले की काही मिनिटांत नाक मोकळं होतं, त्यामुळे त्यांची चटक लागते. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे टाकत गेलं की औषधाचा अंमल उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत थेंब, परत सूज. मी चार महिने टाकत होतो. ते बंद केल्यावरच्या पहिल्या आठ-दहा रात्री फार वाईट गेल्या. दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपायचो. तोंड कोरडं पडून दर तासाला जाग यायची. सोडणाऱ्यांना एवढंच सांगतो की दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली.

आता माझा उपचार काय आहे तो सांगतो. नाकात स्टिरॉइडचा फवारा, रोज सकाळी. स्टिरॉइड म्हटल्यावर मी घाबरलो होतो, पण हा फवारा बहुतांशी नाकापुरताच काम करतो आणि त्याने सहसा बीपी वाढत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो लगेच लागू पडत नाही, आठवडा-दोन आठवडे धीर धरावा लागतो. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, बाटलीचं तोंड डोळ्याच्या बाजूला वळवून मारायचा. मधल्या पडद्यावर मारला तर तिथेच घोळणा फुटतो. आणि जोरात ओढायचा नाही, नाहीतर सगळा घशात जातो.

दुसरं म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. मला बीपीमुळे मीठ कमी करायला सांगितलेलं, पापड-लोणचं कधीच सुटलं होतं, म्हणून मी बायकोला म्हणालो, हे कसं चालेल? पण ते पाणी पोटात जात नाही, एका नाकपुडीतून घातलं की दुसरीतून बाहेर पडतं. पाव लिटर पाणी उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. त्यात अमिबा नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव असू शकतो, आणि नाकावाटे तो मेंदूत गेला तर माणूस वाचणं अवघड असतं. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, ते आपण छापलेलं मी वाचलं आहे. पहिल्या दिवशी ताटलीत पिवळसर, घट्ट, दोऱ्यासारखा शेंबूड पडला. बायको म्हणाली, ‘अहो, ही हळद आहे काय?’ हळद नव्हती, पण तो बाहेर पडल्यावर कपाळावरचं ओझं हललं.

कान? मूळ बिघाड कानात नव्हताच. नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआड जाणारी एक बारीक नळी असते. नाकाच्या सुजेने तिचं तोंड बंद झालं होतं, आत हवा खेळत नव्हती, पडदा आत ओढला गेला होता आणि मागे पाणी साचलं होतं. नाक सुधारलं तसा कान आपोआप सुधारला, दीड महिना लागला. आई असती तर लसूण घालून गरम केलेलं तेल कानात ओतलं असतं. मीही ओतणार होतो. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं, म्हणून कान आतून बघितल्याशिवाय त्यात काहीही टाकायचं नाही.

इथे आमच्या यार्डातल्या एका हमालाबद्दल लिहिलं पाहिजे. त्याचाही कान दुखायचा, एकच, डावा. सर्दी नाही, कानातून पाणी नाही. तीन महिने तो कानाचे थेंब टाकत होता. मी माझ्या डॉक्टरांकडे त्याला नेलं. त्यांनी कान बघितला, स्वच्छ होता. मग त्यांनी विचारलं, ‘मिश्री लावता? तंबाखू?’ लहानपणापासून. त्यांनी घशात आरसा घालून बघितलं आणि जिभेच्या मुळाशी जखम दिसली. घशाची, दाढेची, जबड्याच्या सांध्याची कळ कानात उमटते, कारण तिथल्या नसा जोडलेल्या असतात. त्याचे उपचार चालू आहेत. तीन महिने आधी कुणी बघितलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कान आतून चांगला असून दुखत राहत असेल, तोही एकाच बाजूचा, आणि माणूस तंबाखू खात असेल, तर घसा बघून घ्या.

बीपीबद्दलही माझी समजूत चुकीची होती. बीपी वाढलं की डोकं दुखतं, मान धरते, असं मी समजत होतो. बहुतेक वेळा काहीच कळत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. कपाळाचं जडपण सायनसचं होतं, पण त्याच वेळी बीपी वाढत होतं आणि त्याचा मला पत्ता नव्हता. एक महिन्याने, रोज न चुकता गोळी घेऊन आणि बाकीचं सगळं बंद करून, ते १३४/८२ वर आलं. ताप असेल, कान ठणकत असेल तर आता साधी पॅरासिटामॉल घेतो, तीही डॉक्टरांना विचारून. पाण्यात फसफसणारी घेत नाही, तिच्यात सोडियम फार असतं.

माझं म्हणणं मेडिकल दुकानदारांना आहे. मी त्यांना दोष देत नाही, मी स्वतः मागून घेत होतो. पण गिऱ्हाईक सर्दीची गोळी मागतं तेव्हा ‘बीपी आहे का? दुसरी काही गोळी चालू आहे का?’ एवढे दोन प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. पट्टीवर लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. डायक्लोफेनॅकच्या पट्टीवर ती होती, मला कुणी चिठ्ठी मागितली नाही आणि मी दाखवलीही नाही.

आणि आपल्याकडच्या औषध प्रशासनाला विनंती आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेल्या औषधांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी सूचना छापायला सांगितली. ते फार चांगलं झालं, माझा नातू तीन वर्षांचा आहे. तशीच एक ओळ बीपीवाल्यांसाठी, पट्टीवर, मराठीत, आमच्यासारख्यांना चष्म्याने वाचता येईल अशा अक्षरांत का नसावी? पाकिटावरच्या जाहिरातीला जागा पुरते, तर एका ओळीला पुरेल.

आमच्या मालकांनी गल्ल्याच्या खणात आता बीपीचं मशीन ठेवलं आहे. सोमवारी सौदे सुरू व्हायच्या आधी मी दुकानात जाऊन बसतो. एकेकाला पाच मिनिटं खुर्चीत स्वस्थ बसवतो, पाय जमिनीला, हात टेबलावर, चहा त्या आधी नाही. चौदा हमालांपैकी तिघांचं दोन-तीन सोमवार सलग जास्त भरलं. त्यातल्या दोघांनी औषध सुरू केलं आहे, तिसऱ्याची समजूत घालतो आहे.

पत्र लांबलं, क्षमा असावी. जागेअभावी काटावं लागलं तर माझी हकीकत काटा, पण घोळण्याचं, थेंबांचं आणि कानाचं तेवढं ठेवा. छापून आलं की कात्रण मार्केट यार्डातल्या दोन मेडिकल दुकानांच्या काउंटरवर लावायला दुकानदारांनी मला होकार दिला आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, सांगली