व्याख्याने सांगलीतही व्हावीत

विद्यापीठीय व्याख्यानांना श्रोते मिळत नसल्याची खंत व्यक्त करणारा लेख वाचला. खंत रास्त आहे, पण दोष श्रोत्यांचा नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही येतात. सांगलीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर, सातारा तर त्याहून कितीतरी लांब. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या व्याख्यानाला नोकरदार किंवा दुकानदार कसा पोहोचणार? १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तिथे रसिकांची वाण नाही. महिन्यातून एक तरी व्याख्यान इथल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयात, सायंकाळी सहानंतर ठेवावे आणि त्याची तारीख आठवडाभर आधी वर्तमानपत्रात द्यावी.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली