कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव

मुंबई, २० जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. "कीर्ती कॉलेजजवळच्या अशोक वडापावचा चुरा अजून तसाच आहे का?" या तुझ्या प्रश्नाला घरबसल्या उत्तर देणे मला पटेना, म्हणूनच लिहायला उशीर झाला. गेल्या शनिवारी पाऊस थोडा उघडल्याचे पाहून मी दादर स्थानकावरून पश्चिमेला चालत निघालो आणि काशिनाथ धुरू मार्गावर त्या कढईसमोर जाऊन उभा राहिलो. समुद्राचा खारा वारा गल्लीत येत होता आणि त्यात लसणाचा, तापल्या तेलाचा वास मिसळला होता. आपण कॉलेजात असताना याच वासाने तास अर्धवट सोडून बाहेर यायचो, ते आठवून क्षणभर पाऊल थबकले.

माझा नंबर आला तेव्हा आधीचा घाणा संपला होता. थांबावे लागले याचा मला आनंदच झाला, कारण त्यामुळे सगळे नीट पाहता आले. बटाट्याचा गोळा बेसनाच्या पिठात बुडवून तेलात सोडताना बोटांवरून पिठाचे थेंब ओघळतात, आणि ते तळून त्यांचे सोनेरी, कुरकुरीत कण होतात. इतर काही ठिकाणी हे कण झाऱ्याने काढून बाजूला टाकतात. इथे मात्र तेच 'चुरा' म्हणून मानाने पावात जातात. मला वाटते, या वडापावचे सारे मर्म इथेच आहे. पाव मऊ आणि आतला बटाटाही मऊ, म्हणून दाताखाली काहीतरी मोडायला हवे असते. ते काम चुरा करतो, आणि सुक्या लाल चटणीचे तिखट धरून ठेवतो ते वेगळेच. त्या दिवशी मी पहिला घास घेतला, तेव्हा चुरा मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: होय, तसाच आहे.

तू परदेशात तुझ्या सहकाऱ्यांना वडापाव समजावताना 'आमचे सँडविच' म्हणतोस, हे वाचून मी बराच विचार केला. पावाच्या दोन भागांत काही भरले की सँडविच, एवढ्या अर्थाने ते खरे आहे. पाव, बटाटा आणि मिरची या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आल्या. 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतले आहेत. पण त्यांना बेसन, हळद, लसूण आणि सुके खोबरे भेटले आणि जे तयार झाले, ते गिरणगावाच्या पोटासाठी झाले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य (हे कीर्ती कॉलेजजवळचे अशोक नव्हेत) यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे श्रेय त्यांना दिले जाते. पाळीवर निघालेल्या कामगाराला ताट नको, बसायला जागा नको. एका हातात धरून चालता चालता खाता येईल असे स्वस्त आणि गरम काहीतरी हवे होते. माझे वडील परळच्या गिरणीत होते, त्यामुळे हे मी ऐकून सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे पगार थांबले, त्या दिवसांत आमच्या चाळीतल्या दोन घरांनी वड्याची कढई मांडली. ज्या हातांनी माग चालवले होते, तेच हात बटाटे कुस्करताना मी पाहिले आहेत, आणि म्हणूनच वडापावला कोणी नुसते चटकदार खाणे म्हटले की मला मनापासून वाईट वाटते.

मी एक खाल्ला, दुसरा घेतला, आणि मीठ लावलेली तळलेली मिरची मागून घेतली. शेजारी उभ्या असलेल्या मुलींनी वडा न घेता नुसता चुरापाव मागितला. तुझीही तीच सवय होती.

घरी नेण्यासाठी मी चार बांधून घेतले होते, पण पोहोचेपर्यंत वाफेने चुरा मऊ पडला. तेव्हा दिवाळीत येशील तेव्हा मी तुझ्यासाठी काही बांधून आणणार नाही. तू दादरला उतर. टॅक्सी करू नकोस. मी पुलाखाली उभा असेन. आपण चालतच जाऊ आणि नवा घाणा निघेपर्यंत थांबू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र