फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आभाराचं काही बोलायला लागलो की तुम्ही फोनवर "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषयच बदलता. तीनदा झालं असं. म्हणून आता लिहितोच, तेही सगळ्यांसमोर. तुमचं आणि रुग्णालयाचं नाव घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. ठाण्यात ज्यांनी तुमच्यासोबत नाइट केली आहे ते तसेही ओळखतील.

आपली ओळख झाली ती औषधांच्या पिशवीवरून. २०१७ चा पावसाळा. मी तेव्हा अँब्युलन्सवर कामाला, गायमुखच्या बाजूने एका आजींना घेऊन निघालो होतो. दम लागलेला, रक्तातला ऑक्सिजन पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली. घोडबंदर रोडवर कंटेनर बंद पडलेला आणि आम्ही त्याच्या मागे. गाडीतला ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण दीड हजार लिटर, मिनिटाला दहा लिटरने अडीच तास पुरतो. माझा अर्धा होता, म्हणजे सव्वा तास. पातलीपाडा येईपर्यंत मी एकदा काट्याकडे आणि एकदा आजींच्या नखांकडे बघत होतो. १०८ च्या सरकारी अँब्युलन्समध्ये डॉक्टर असतात. मी खासगी गाडीवर, तिथे जे काय करायचं ते मी आणि ड्रायव्हर.

तुमच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, स्ट्रेचर आत गेलं आणि तुम्ही विचारलंत, "घरी औषधं कुठली चालू आहेत?" मी खांद्यावरची कॅरीबॅग पुढे केली. निघताना आजींच्या उशाशी होतं नव्हतं ते सगळं त्यात कोंबलं होतं: गोळ्यांच्या पट्ट्या, इन्हेलर, जुना ईसीजी. तुम्ही ती ट्रॉलीवर उपडी केलीत, एकेक पट्टी उलटसुलट करून वाचलीत, दोन बाजूला काढून डॉक्टरांना दाखवल्यात. मग माझ्याकडे न बघताच म्हणालात, "नाव काय रे तुझं?"

दोन दिवसांनी दुसरा पेशंट घेऊन आलो तेव्हा मी विचारलं, त्या आजींचं काय झालं? तुम्हाला आश्चर्य वाटलं. गाडीवरचं कुणी असं विचारायला येत नाही म्हणालात. खरं तर विचारायचं सगळ्यांनाच असतं हो, पण पुढचा कॉल वाजतो. माणूस तासभर आपल्या हातात असतो, त्याची नाडी आपल्याला पाठ होते, आणि कॅज्युअल्टीच्या दारात कागदावर सही झाली की संपलं. तो जगला की गेला, पाय राहिला की कापला, काही कळत नाही. चार-पाच वर्षं असं केलं की डोक्यात अर्ध्या गोष्टींचा ढीग साचतो.

तुम्ही काय केलंत, तर ड्युटीरूमच्या दारामागे लटकणाऱ्या कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहायला सुरुवात केलीत. मी आणलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते, दोन-दोन शब्दांत. "आजी – घरी." "बाइकवाला – पाय वाचला." "वागळे इस्टेट – गेले." त्यासाठी सकाळी ड्युटी संपल्यावर तुम्ही तीन मजले चढून वॉर्डात जाऊन विचारायचात, हे मला फार उशिरा आणि तेही एका मावशींकडून कळलं. रात्रभर उभं राहिलेल्या बाईने घरी जायचं सोडून हे का करावं? अजूनही मला नीट उत्तर सापडलेलं नाही.

२०२० मध्ये ते थांबलं. मी पीपीई घालून बाळकुमच्या ग्लोबल हबकडे, तिथल्या कोविड रुग्णालयात, फेऱ्या मारत होतो, तुम्ही तिकडे कोविड ड्युटीला. वर्षाच्या शेवटी भेटलो तेव्हा मी सवयीने कुणाचं तरी विचारलं आणि तुम्ही जवळजवळ ओरडलात, "सारखा विचारायला येतोस, त्यापेक्षा वॉर्डातच ये की कायमचा!"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

त्यानंतरचे तुमचे मुद्दे मला जसेच्या तसे आठवतात. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा आहे, तुझ्या कामासाठी देशाचा कायदा आत्ता कुठे येतोय (तो आला २०२१ मध्ये). उद्या गाडीचा मालक म्हणाला येऊ नकोस, तर तुझ्याकडे कुठला नंबर आहे? रजिस्ट्रेशन असलं की नोकरी गेली तरी तू नर्सच राहतोस. त्याच महिन्यात माझ्या मालकाने दोन पगार बुडवले, त्यामुळे मुद्दा जास्तच पटला, हे कबूल करतो.

माझी बारावी कॉमर्सची. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, म्हणून तो रस्ता बंद. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कॉमर्स चालतं, इंग्रजी हवं, वयाची अट पस्तीस, हे तुम्हीच शोधून दिलंत. गाडीवरच्या पाच वर्षांची सूट कुठेही नाही, तीन वर्षं पहिल्यापासून काढायची, हेही तुम्हीच सांगितलंत, गोड न करता. मुलांना जागा मोजक्याच, कितीतरी संस्था फक्त मुलींच्या. शिक्षणात मध्ये पडलेल्या खंडाच्या गॅप सर्टिफिकेटसाठी कोर्टनाक्यावर तुम्ही स्वतः आलात आणि टायपिस्टने माझ्या आडनावात केलेली चूक तुम्हीच पकडलीत.

आणि घरी आलात, विटाव्याला, रविवारी. आई पोहे करता करता म्हणाली, मुलग्याने नर्स व्हायचं म्हणजे लोक काय म्हणतील. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अहो वहिनी, ऐंशी किलोचा पेशंट कुशीवर वळवायचा असतो तेव्हा आम्ही सगळ्या ब्रदरच्या नावाने हाका मारतो. तेव्हा कुणी काही म्हणत नाही." आईने तुम्हाला आणखी पोहे वाढले. विषय तिथेच संपला.

कॉलेजचं थोडक्यात सांगतो. वयाने सगळ्यांत मोठा मीच. प्रथमोपचारात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळतील असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. पडले कमी. कारण मी रस्त्यावर जे करतात ते लिहिलं, पुस्तकात जे आहे ते नाही. बेड करताना चादरीचे कोपरे मात्र आठवडाभर चुकले.

दुसऱ्या वर्षीची ती रात्र तुम्हाला आठवत असेल. मेडिकल वॉर्डात एका काकांचं बीपी ऐंशीवर आलं आणि मी कुणाला न विचारता सलाईन फुल सोडलं. गाडीत हात आपोआप तिकडेच जायचा. काकांचं हृदय आधीच थकलेलं, पंपिंग कमी, केसपेपरवर पहिल्याच पानावर लिहिलेलं. त्यांना धाप लागली. स्टाफ सिस्टरने धावत येऊन ते बंद केलं, डॉक्टर आले, काका सावरले. ट्यूटरनी मला सगळ्यांसमोर जे सुनावलं ते योग्यच होतं. मी बाहेर जिन्यात बसून तुम्हाला फोन केला की मी सोडतोय. तुम्ही म्हणालात, "गाडीत तू एकटा होतास, म्हणून ठरवत होतास. इथे आधी हाक मारायची. हाक मारणं हेही कामच आहे." मग अर्थातच, जेवलास का.

पाचशे मिली सलाईन, आठ तास, एका मिलीला वीस थेंब पाडणारा सेट, तर मिनिटाला एकवीस थेंब. हे गणित मी आता घड्याळ समोर धरून, थेंब मोजून करतो. कुणी घाई केली तरी.

सध्या नवी मुंबईत आहे, मेडिकलच्या वॉर्डात. लोक सवयीने मला "सिस्टर" हाक मारतात आणि मग जीभ चावून "दादा" म्हणतात. गेल्या महिन्यात अर्धांगाचे एक आजोबा होते. आले तेव्हा माकडहाडावर लाली होती, बोटाने दाबली तरी जात नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची. बारा वाजता डावी, दोनला उजवी, चारला पुन्हा डावी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून अधांतरी. चौदा दिवस, तिन्ही शिफ्टनी. घरी जाताना कातडी शाबूत. सायरन नाही, धावपळ नाही, कुणी टाळ्या वाजवण्यासारखं काहीच नाही. जखम झालीच नाही, तर दाखवणार काय? गाडीवर असताना याला मी काम म्हटलं नसतं. त्या दिवशी घरी येताना रस्त्यात मला एकदम तुमचे तीन मजले आठवले.

तुम्ही रिटायर होताना ती कालनिर्णयची पानं मला दिलीत. ती मी नर्सिंग फाउंडेशनच्या पुस्तकात ठेवली आहेत. सगळी भरलेली आहेत, फक्त सप्टेंबर २०१९ मधला एक चौकोन सोडून. तिथे नुसतं "मुंब्रा बायपास, लहान मुलगी" एवढंच आहे आणि पुढे रेघ. तिला दुसरीकडे हलवलं होतं बहुतेक. पुढचं काही कळलं होतं का तुम्हाला? आठवलं तर सांगा, कसंही असलं तरी.

रविवारी सकाळी फोन करतो. जेवून करतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
कॅरीबॅगवाला