'जीन वाढला' म्हणजे नेमकी कोणती प्रत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'या खाद्याने माशाचा रोगप्रतिकारक जीन अमुक पट वाढला' असे वाक्य मत्स्यखाद्याच्या जाहिरातींत आणि त्यावरून बेतलेल्या बातम्यांत हमखास सापडते. जीन वाढत नसतो, त्याचे वाचन वाढते. पण ती चूक किरकोळ म्हणून सोडून देऊ. खरी गोची 'जीन' या एकवचनात आहे.

रोहू, कटला, मृगळ यांना ५० गुणसूत्रे असतात. त्याच तळ्यात पोसल्या जाणाऱ्या सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला, १००. तो दोन जातींच्या संकरातून उपजला आणि दोघांचाही जीनसंच त्याच्याकडे राहिला. त्यामुळे रोगाचा निरोप पोहोचवणाऱ्या कितीतरी जीनच्या त्याच्याकडे जोडप्रती आहेत. इंटरल्यूकिन-१० या निरोप्या प्रथिनाच्या जीनचेच घ्या. त्याच्या दोन्ही प्रतींची प्रथिने प्रयोगशाळेत सारखेच काम करतात, पण माशाच्या अंगात त्यांचे नियंत्रण वेगवेगळे चालते. शिवाय हा रेणू दाहाला लगाम घालणारा. तो वाढला की प्रतिकारशक्ती वाढली, असा सरळ हिशेब इथे लागूच पडत नाही.

चूक घडते ती अशी. समजा, एका प्रतीच्या वाचनातून निघालेले आरएनएचे ९० रेणू आहेत, दुसरीचे १०. संसर्गानंतर दुसरी पाचपट होऊन ५० वर गेली, पहिली जागची हलली नाही. दोन्हींना चिकटणाऱ्या प्राइमरला (मोजायचा तुकडा हेरणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्याला) १०० चे १४० दिसतात, म्हणजे क्यूपीसीआरवर (दर सायकलला तुकडे दुप्पट करत मोजणाऱ्या चाचणीवर) जेमतेम अर्ध्या सायकलचा फरक. पिपेट थोडे इकडेतिकडे झाले तरी तेवढा पडतो! दुसरी प्रत वेगळी मोजली असती, तर २.३ सायकल मिळाल्या असत्या. आणि पहिली त्याच वेळी ५० वर उतरली, तर बेरीज पुन्हा १००. अहवालात 'परिणाम नाही'.

म्हणून प्राइमर जीनच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागावर बेतावा. तिथे प्रती जास्त वेगळ्या पडतात. प्राइमरचे ३' (शेवटच्या) टोकाचे डीएनए-अक्षर दोन प्रतींत वेगळे हवे, मोजला जाणारा तुकडा ८० ते १५० अक्षरांचा. मग एका प्रतीचा प्लाझ्मिड (ती प्रत बसवलेले डीएनएचे वर्तुळ) घालून दुसरीचा प्राइमर चालवून पाहावा: तिच्या स्वतःच्या प्राइमरपेक्षा किमान १० सायकल उशीर झाला, तर गळती, म्हणजे चुकीची प्रत मोजली जाणे, हजारात एक एवढीच. वितळण-आलेखातल्या (तुकडा किती तापमानाला वितळतो ते दाखवणाऱ्या आलेखातल्या) एकुलत्या शिखरावर विसंबू नये. जुळ्या प्रतींचे तुकडे जवळपास एकाच तापमानाला वितळतात. तुकड्याचे सिक्वेन्सिंग (अक्षरक्रमाचे वाचन) करावेच. तुलनेसाठी एकटा बीटा-ॲक्टिन जीन पुरत नाही, किमान दोन संदर्भ जीन (ज्यांचे वाचन स्थिर मानले जाते असे) घ्यावेत.

नमुन्यातही घोळ होतो. कल्ले, प्लीहा आणि डोक्याकडचे मूत्रपिंड एकाच बाटलीत कोंबले, की कोणती प्रत कुठे बोलते हे कायमचे हरवते. आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा आणि द्रावण त्याच्या पाच ते दहापट असावे, नाहीतर आतला आरएनए द्रावण पोहोचण्याआधीच तुटतो.

आपल्या बातमीदारांनी पुढच्या वेळी एवढेच विचारावे: कोणती प्रत, कोणत्या अवयवात, आणि संसर्गानंतर किती तासांनी?

आपला,
मत्स्यजैवतंत्रज्ञानाचा एक अभ्यासक