बासरीच्या तक्त्यातला मध्यम

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला नवशिक्यांना बासरीची ओळख करून देणारा लेख मी कापून ठेवला आहे. या वाद्यावर इतकी जागा क्वचितच मिळते, म्हणून आनंद झाला. पण सोबतच्या तक्त्यात एक चूक आहे आणि ती नेमकी शिकणाऱ्याला भोवेल अशी आहे. ‘म’ या स्वरासमोर सहाही भोके उघडी दाखवली आहेत. तशी बासरी वाजवली तर तीव्र मध्यम, म्हणजे नेहमीच्या शुद्ध मध्यमाहून अर्ध्या स्वराने चढा म, ऐकू येतो. शुद्ध मध्यमासाठी पहिले भोक, म्हणजे फुंकायच्या छिद्राला सर्वांत जवळचे, अर्धे झाकावे लागते. तक्त्याबरहुकूम सारेगम वाजवणाऱ्या मुलाला गळ्यातला ओळखीचा म बासरीवर सापडणार नाही आणि ते आपल्याच कानाला दोष देईल.

मी २८ वर्षे गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर बासरी हातात घेतली. अशाच एका तक्त्यावरून मी सुरुवात केली होती, म्हणून हे पत्र.

बासरीवादक पन्नालाल घोष यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकून मला बासरीची ओढ लागली. सुमारे ३२ इंचांची, खोल आवाजाची बासरी त्यांनी रागसंगीताच्या मैफलीत आणली. मलाही तोच आवाज हवा होता, म्हणून मी पांढरी तीन पट्टीची (बासरीचा सा पेटीच्या ज्या पट्टीशी जुळतो ती तिची पट्टी), हातभर लांबीहून मोठी बासरी घेतली. उजव्या हाताची अनामिका सहाव्या भोकापर्यंत पोहोचेना. पोहोचलीच तर चौथ्या भोकावरचे बोट किंचित सरके. तेवढ्या फटीतून हवा निसटली की स्वर फाटतो. पाच महिने मी हाताला दोष देत राहिले. लेखात बासरी ‘कोणतीही चालेल’ असे म्हटले आहे, ते मला मान्य नाही. पहिली बासरी लहान हवी. गुरुजींनी माझी मोठी बासरी बाजूला ठेवून पांढरी एकची, १८-१९ इंचांची बासरी दिली, तेव्हा बोटे पहिल्यांदा निवांत बसली. ती स्वरात आहे ना, हे घेण्याआधी तानपुऱ्याशी ताडून पाहावे. जत्रेतल्या खेळण्यासारखी बासरी दिसायला हुबेहूब असते, पण तिच्यावर कान घडत नाही.

गुरुजींनी पहिले आठ दिवस बोटे लावूच दिली नाहीत. सगळी भोके उघडी, आणि फक्त फुंक. ओठांमधून निघालेली हवेची बारीक धार छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटली पाहिजे. तिथे ती आत-बाहेर हेलकावते आणि नळीतली हवा बोलू लागते. बासरी अंगठ्याने जराशी आत किंवा बाहेर फिरवली तरी आवाज जातो, परत येतो. ती जागा सापडायला मला चार दिवस लागले. जोर लावून काहीच साधत नाही, उलट भराभर खोल श्वास सोडल्याने चक्कर येते. मला आली होती. तसे झाले तर बासरी खाली ठेवून स्वस्थ बसावे.

मग वरून एकेक बोट. पहिले भोक बंद केले की गंधार, दोन बंद केली की रिषभ, तीन बंद केली की षड्ज. म्हणजे सा हा सुरुवातीला सापडणारा स्वर नाहीच, तिथवर चालत जावे लागते. सा स्थिर झाल्याशिवाय चौथे बोट टेकवू नये. पुढे निषाद, धैवत आणि सहाही बंद केल्यावर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम. हा पंचम नवशिक्याला सर्वांत छळतो, कारण सहापैकी एका बोटाखाली केसाएवढी फट राहिली तरी तो बोलत नाही.

आणि मधल्या सप्तकाचा पंचम? बोटे अगदी तीच, सहाही बंद. फक्त ओठांची फट बारीक करून हवेचा वेग वाढवायचा. लेखातल्या तक्त्यात दोन्ही पंचमांसमोर सारखीच चित्रे आहेत, ती बरोबरच आहेत, पण फुंकेबद्दल एक अक्षर नाही. वाचणाऱ्याने काय करावे? माझ्या मते तक्त्याआधी फुंकेवर एक परिच्छेद हवा होता, आणि ‘आठवडाभरात गाणे’ हे आश्वासन नको होते. आठवड्यात गाणे आले नाही म्हणून बासरी कपाटात टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना आणखी आठ दिवसांची गरज होती.

आपण दुरुस्ती छापावी ही विनंती. बंद भोकासाठी आपण काळे वर्तुळ आणि उघड्यासाठी पांढरे वापरले आहे. शुद्ध मध्यमासमोर पहिले वर्तुळ अर्धे काळे आणि उरलेली पाच पांढरी दाखवली, की काम होईल.

कळावे,
आपली एक वाचक
(निवृत्त गणित शिक्षिका)